झेलमची पिसं

१

झेलमचा पिंजरा रिकामा होता. जाळी खालच्या कोपऱ्यात फाटून तारा आत वळल्या होत्या. ओल्या फरशीवर लांब निळी-पिवळी पिसं पसरली होती, आणि एका तारेच्या टोकापासून दारापर्यंत रक्ताचे थेंब सुकत आले होते.

"रानमांजर," सुभेदार वीरधवल मोहिते म्हणाले. "त्या बांबूच्या बेटात पिल्लं घातल्यात तिनं. आमीच पोसली म्हणायची."

शेजारच्या कप्प्यात झेलमचा जोडीदार सतलज जाळीला धरून उलटा लटकला होता आणि कानठळ्या बसतील असा ओरडत होता. हे मकाव जातीचे परदेशी पोपट. चोचीपासून शेपटीपर्यंत हातभर तर सहज भरतात. आपल्याकडचा पेरू चोरणारा पोपट यांच्यापुढे अगदीच किरकोळ.

मी विनोदिनी. पक्ष्यांची डॉक्टर मी नव्हे, माझी सून ज्ञानदा. माधवनगरला आमच्या घराखाली तिचा दवाखाना आहे. ती लांबच्या बोलावण्यावर निघाली की मीही गाडीत बसते. एकट्या पोरीला पावसापाण्यात कसं धाडायचं, असं मी सांगते. खरं म्हणजे मला लोकांची घरं आतून बघायला आवडतात. त्या दिवशी नागपंचमी होती. आदल्या दिवशीच पुरण वाटून ठेवलेलं, विळी पालथी घालून ठेवलेली. सकाळी नागोबाला दूध-लाह्या वाहत होते, तेवढ्यात कडेगावहून संयोगिताबाईंचा, म्हणजे सुभेदारांच्या बायकोचा फोन आला. त्यांना रडू आवरत नव्हतं. झेलम गेली आणि सतलज काही खाईना, तो तरी वाचवा, म्हणत होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा सुभेदारांच्या कपाळाला आठी पडली. "हिनं उगाच तरास दिला तुमाला, डॉक्टर. जे व्हायचं ते झालं."

कडेगावपासून आत, चहूबाजूंनी ऊस आणि मध्ये ही बाग. बाग म्हणजे बागेतल्यासारखे वाफे नव्हेत. जांभूळ, फणस, उंबर, रायआवळा, बांबूचं मोठं बेट, करवंदीच्या जाळ्या. खारी पायात येत होत्या, भारद्वाज घुमत होता, एक मुंगूस आम्हाला पाहून निवांतपणे रस्ता ओलांडून गेलं. या सगळ्याच्या कडेला, फाटकापासून मागपर्यंत गेलेल्या मोकळ्या सपाट जागेवर, सुभेदारांचे पिंजरे लष्करी रांगेत उभे. निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशी पोपटांची पैदास सुरू केली, त्यात नाव कमावलं.

फाटकाबाहेर मात्र एक पिवळा जेसीबी उभा होता.

"तो कशाला?" मी विचारलं.

संयोगिताबाई पायरीवर बसल्या होत्या. डोळे सुजलेले. "झाडी काढायला, काकू. बांबू, करवंदी, उंबर, सगळंच. जनावराला लपायला जागाच ठिवायची न्हाई. पिल्लू व्हती तवा मी तिला पिचकारीनं भरवलंय. खांद्यावर बसून माझ्या आंबाड्यातल्या पिना काढायची. माझ्याच झाडांनी माझं पाखरू खाल्लं. म्या हो म्हणले."

"आणि काम सुरू का नाही केलं?"

"आज पंचमी हाय. आज माज्या दारात भुईला फाळ लागू देनार न्हाई. उद्या सकाळी."

म्हणजे बागेला एक दिवस मिळाला होता, तोही नागोबाच्या कृपेनं.

२

कृष्णात हा पिंजऱ्यांची झाडलोट करणारा गडी. उंच, गोंधळलेला. ज्ञानदानं त्याला सतलजच्या वाटीपाशीच गाठलं. वाटीत भिजवलेले हरभरे, अख्खं कणीस आणि अख्खा पेरू होता. पेरूला चोचही लागली नव्हती.

"हे तुम्ही ठेवलंत?"

"व्हय. वहिनीसायबांनी रातीच काढून ठिवलं व्हतं. मी आलो तवा ह्यो गोंधळ आदीच झालेला."

"ओरडा कधी ऐकलात?"

"मी वस्तीवरनं येतोय, मला कसा ऐकू येनार? सायबच म्हनले, मांजर आलं व्हतं."

ज्ञानदा खाली बसली आणि एकेक पीस उचलून बघू लागली. माझ्या सुनेला समोर माणूस उभा असला तरी आधी चोच दिसते, तसलीच ती आहे. एक पीस तिनं उजेडात धरलं, बोटानं बुडखा चाचपला. मग फरशीवर, कोपऱ्यात, जाळीच्या खाली काहीतरी शोधत राहिली. जे शोधत होती ते तिला सापडलं नाही, एवढं मला कळलं.

"गळालेली पिसं काय करता तुम्ही?"

"सायब डब्यात भरून ठिवत्यात. आल्यागेल्याच्या पोरांना देत्यात. त्यो काय, व्हरांड्यात."

व्हरांड्यात पत्र्याचा डबा होता. झाकण नुसतं टेकवलेलं. कुणीही उघडावा.

सुभेदार मागून आले. सरळ पाठ, पांढऱ्या मिशा, उजव्या हाताला अंगठ्यापासून तळव्यापर्यंत पांढरी पट्टी.

"हाताला काय झालं?" ज्ञानदानं विचारलं.

"काय न्हाई. पहाटे पाखरांची फळं चिरत बसलो व्हतो, रोजचा नेम हाय माझा. मागनं आवाज झाला, दचकलो, सुरी हातात घुसली. पळत आलो तर जाळी फाटल्याली. मांजर बांबूत शिरताना दिसलं. शेपूट दिसलं म्हना."

"दाखवा, बघते."

"आवं, सोडा. गोळीची जखम न्हाई ती." ते हसले आणि पिंजऱ्यांकडे निघून गेले. चालता चालता एका करड्या पोपटाला त्यांनी हाक मारली. तो ऐटीत म्हणाला, "परेड, सावधान!" त्याला एवढंच येत होतं. साक्षीदार म्हणून त्याचा काही उपयोग नव्हता.

तिसरा माणूस जयराज. सुभेदारांचा चुलतभाऊ. त्याची शेती बागेच्या मागे, आणि जेसीबी त्यानंच आणलेला. चपला चिखलानं जड झालेल्या, नजर सारखी घड्याळाकडं.

"जेसीबी फार लवकर मिळाला तुम्हाला," मी म्हटलं. मला असं बोलायला आवडतं.

तो गडबडला. "आं? त्ये... कालच सांगून ठिवला व्हता."

"काल? पक्षी तर आज गेला."

"दुसऱ्या कामाला, काकू. पाणंदीच्या." आणि मग त्याच्या तोंडून निघालंच, "मला वाट न्हाई. गेल्या साली उसाची ट्राली आत येईना, शेजाऱ्यानं बांध अडवला, निम्मा फड उभा वाळला. ह्या झाडीतनं वाट मिळाली तर... पन त्यासाठी मी पाखरू मारीन व्हय? मला तर त्यांच्या चोचीचं भ्या वाटतं."

तो गेल्यावर मी ज्ञानदाला म्हटलं, "मांजराला दोन पाय दिसताहेत गं."

ती उठली. हात झटकले. बोलली तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"आई, ही सगळी पिसं आपोआप गळालेली आहेत. बुडखे कोरडे, पांढरे, बंद. उपटलेल्या पिसाला ओलावा असतो, कातडी असते. आणि मांजरानं पक्षी धरला की आधी मऊ लव उडते, मूठभर. इथं एकही नाही. झेलमला कुणीही खाल्लेलं नाही."

३

"मग रक्त कुणाचं?"

"ज्यानं तिला धरलं त्याचं. अंधारात तोंडावर पोतं पडलं की मकाव देवालाही चावेल."

सतलज पुन्हा ओरडला. ज्ञानदानं माझा हात दाबला. "ऐका. नुसतं ऐकू नका, बघा त्याच्याकडे."

मी बघितलं. तो ओरडे, मग एकदम गप्प होई. मान तिरपी करून पश्चिमेकडे कान दिल्यासारखा राही. पुन्हा ओरडे, पुन्हा गप्प. मरणाचा आकांत असा थांबून थांबून करत नाहीत. माझी चुलतजाऊ तालुक्याच्या गावाला फोन लावायची तेव्हा अशीच बोलायची, अर्धं आपलं, अर्धं पलीकडचं ऐकत.

"त्याला उत्तर मिळतंय," ज्ञानदा म्हणाली. "आपल्याला ऐकू येत नाही, त्याला येतंय."

पश्चिमेला जांभळाच्या पलीकडे विहीर, विहिरीच्या काठावर मोटारीची खोली. आम्ही दोघी करवंदीतून वाट काढत निघालो. माझं लुगडं दोनदा अडकलं. पाऊस भुरभुरत होता. बांबूच्या बेटाशी चिखलात मांजराच्या पावलांची ओळ उमटली होती, ती ओढ्याकडे जात होती, पिंजऱ्यांकडे नाही. आत कुठेतरी बारीक म्याव झालं. उद्या सकाळी त्या पिल्लांवर लोखंडी दात पडणार होते. मी पाय उचलला.

मोटारीच्या खोलीला कुलूप होतं. फटीतून आत बघितलं, अंधार. ज्ञानदानं दारावर हलकेच टकटक केलं आणि जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला.

आतून तसाच आवाज आला.

मी कृष्णातला हाक मारली. हाक जरा जास्तच मोठी गेली असावी, कारण कृष्णातबरोबर संयोगिताबाईही पळत आल्या, अनवाणी. कृष्णातनं पहारीनं कोयंडा उचकटला. आत लाकडी खोका, त्याला जाळीचं झाकण, आणि जाळीमागे झेलम. पिसं विस्कटलेली, डोळे रागानं गरगर फिरत होते. जिवंत होती.

संयोगिताबाईंनी झाकण काढलं. झेलम त्यांच्या खांद्यावर चढली आणि थेट आंबाड्याला भिडली. बाई हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही कळलं नसेल. मला मात्र डोळे पुसावे लागले.

ज्ञानदा खोका बघत होती. पाण्याची वाटी सांडू नये म्हणून तिला विटांचा आडोसा केला होता. खाली मऊ पोतं. कोपऱ्यात चार-सहा अक्रोड.

"चोराला हिची आवड माहीत होती," ती म्हणाली.

संयोगिताबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. त्यांनी कोयंड्यासकट निघालेल्या कुलुपाकडं पाहिलं.

"विहीर सामाईक हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "किल्ल्या दोनच. एक आमच्या घरात. दुसरी जयराजभावजींकडं."

४

व्हरांड्यात सगळे जमले. झेलम बाईंच्या खांद्यावर तशीच. सुभेदारांनी तिला पाहिलं आणि ते खांबाला टेकले. मला वाटलं, आनंदानं.

"भावजी," संयोगिताबाई म्हणाल्या, "वाट पायजे व्हती तर माज्याशी भांडायचं व्हतं. मुक्या जिवाला कोंडायचं?"

"आईशप्पत वहिनी, मी न्हाई!" जयराज पांढराफटक पडला. "माजी किल्ली घरात खुंटीला हाय, कुनीबी जाऊन बघा."

"जेसीबी तुमी कालच सांगितलेला, काकू म्हनल्या मला. किल्ली तुमच्याकडं. वाट तुमालाच पायजे."

"दादा, तू तरी बोल की रं!"

सुभेदार बोलले, पण जमिनीकडं बघून. "जाऊ द्या. पाखरू मिळालं न्हवं? घरातलं घरातच मिटवू."

"माज्या उंबऱ्याला परत पाय लावू नका, भावजी," बाई म्हणाल्या.

जयराजनं भावाकडं पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही. मदत मागणारी नव्हती ती. काहीतरी उमजायला लागलेली होती. तरीही तो पायऱ्या उतरू लागला.

मला राग आला. कुणाचा ते आधी कळेना. माझ्यापुढं बशीत पेरू होते, संयोगिताबाईंनी मघाशीच दिलेले, एक त्यांनी तळहातावर दाबून फोडून दिला होता. "सणाचा दिवस, असंच खावा," म्हणाल्या होत्या. मी त्या पेरूकडं बघत राहिले, आणि राग कुणाचा ते मला कळलं.

"संयोगिताबाई," मी म्हटलं, "माझ्या दातांना हा पेरू फुटत नाही. जरा चिरून द्याल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हातारीला पेरूची पडलीय, असंच त्यांना वाटलं असणार.

"काकू, आज?" बाई गोंधळल्या. "आज पंचमी. आज कोन चिरतंय? सुऱ्या, विळी, सगळं काल दिवेलागणीलाच वर फळीवर ठिवलंय, वर टोपलं पालथं घातलंय. म्हनून तर पाखरांनाबी अख्खंच..."

"घरात एकही सुरी खाली नव्हती?"

"एकबी न्हाई."

"मग पहाटे फळं चिरताना सुभेदारांचा हात कशानं कापला?"

संयोगिताबाईंनी नवऱ्याच्या पट्टीकडं पाहिलं. हाताची ती गोष्ट त्या आत चहा करत असताना आम्हाला सांगितली गेली होती. त्यांनी ती ऐकलीच नव्हती.

"तुमी तर मला म्हनला, तारेनं फाटलं."

पंचमीला भुई खणायची नाही, हा शेतातला नियम पुरुषांना पाठ असतो. चिरायचं नाही, हा स्वयंपाकघरातला. तो बायकांनी पाळायचा आणि पुरुषांनी नुसतं जेवायचं. त्यात या गृहस्थाचं अर्धं आयुष्य बराकीत गेलं, तिथं श्रावण आणि शिमगा सारखेच. रोजचं फळं चिरणं त्यांच्या तोंडावर आलं, म्हणून तेच सांगितलं. खरोखर चिरायला गेले असते तर सुरी सापडली नसती आणि बायकोला हाक मारावी लागली असती.

ज्ञानदा पुढं झाली. "पट्टी सोडते," म्हणाली, विचारलं नाही. सुभेदारांनी हात पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी दोन अर्धगोल होते, वरचा खोल, खालचा उथळ. सुरीची जखम सरळ असते. ही चोच होती.

"इंजेक्शन घ्यावं लागेल," ती म्हणाली. डॉक्टर ती डॉक्टरच.

"दादा," पायरीवरून जयराज म्हणाला, "तू म्हनलास वहिनी राजी हाय. म्हनून मी जेसीबी सांगितला."

सुभेदार खाली बसले. पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली. "आबांचं आजारपन ह्यानं काढलं. आईला खांदा ह्यानं दिला. मी तिकडं बर्फात. गेल्या साली ह्याचा ऊस वाळला, मी शब्द दिला, वाट देतो म्हनून. पन तुला विचारायचं कसं? तू एकेक झाड... मला धीर झाला न्हाई. मांजरावर घातलं की तूच हो म्हनशील, असं वाटलं. पाखराला सांजच्याला परत आननार व्हतो. उडून गेलेलं मिळालं, असं सांगनार व्हतो."

"मांजरानं खाल्लेलं पाखरू?" मी म्हटलं. राहवलं नाही.

संयोगिताबाई ऐकत उभ्या होत्या. त्यांना ओरडायला हवं होतं, मी तर ओरडले असते. त्या म्हणाल्या, "सुट्टी संपवून तुमी गेला की मी एक झाड लावायची. ह्यो फणस तुमी सियाचिनला गेला तवाचा. जांभूळ कुपवाड्याचं. उंबर आपोआप आला, त्या साली तुमचं पत्रच न्हवतं. तुमी आला न्हाई तवा ह्ये व्हतं माज्यासंगं. सकाळी मी रडत व्हते तवा तुमी पाठीवर हात ठिवला. त्योच का ह्यो हात?"



५

पावसानं ओढ्याला पाणी आलं, आम्हाला मुक्काम करावा लागला. पुरणाची दिंडं छान झाली होती.

सकाळी जेसीबीची घरघर ऐकून मी धडपडत बाहेर आले. वाटलं, हे काय, एवढं होऊनही?

संयोगिताबाई पदर खोचून हातात चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन चालत होत्या. फाटकापासून पांढरी रेघ निघाली होती. ती बांबूकडं वळली नाही, फणसाकडंही नाही. मोकळ्या सपाट जागेवरून सरळ, पिंजऱ्यांच्या पहिल्या रांगेखालून, थेट जयराजच्या उसाला भिडली.

"भावजी, ही घ्या वाट. ट्राली सरळ जाती, वळनबी न्हाई," त्या म्हणाल्या. "काल मी तुमाला नको ते बोलले. ते इसरा."

जयराजनं मान खाली घातली.

"पन पिंजरे..." सुभेदार म्हणाले. "विणीचा हंगाम तोंडावर हाय, संयोगिता. आता हलवलं तर यंदा एकबी अंडं देनार न्हाईत."

बाईंनी ज्ञानदाकडं पाहिलं. ज्ञानदा म्हणाली, "हंगाम जाईल. पक्षी जगतील."

"पिंजरं उचलून दुसरीकडं ठिवता येत्यात," संयोगिताबाई नवऱ्याला म्हणाल्या. "जांभूळ उचलता येत न्हाई."

सुभेदारांनी त्या रेघेकडं पाहिलं. वाट ही अशी सरळ होती, हे त्यांना पहिल्यापासून दिसत असणार. मग त्यांनी बाह्या सरसावल्या, कृष्णातला हाक मारली आणि पट्टीच्या हातानंच पहिला पिंजरा धरला. दुसऱ्या टोकाला जयराज आला. चोचीची भीती वाटणारा जयराज, डोळे मिटून.

आम्ही निघालो तेव्हा निम्मी रांग हलली होती. बांबूच्या बेटाकडून रानमांजर बाहेर आलं, जेसीबीकडं तुच्छतेनं बघितलं आणि परत आत गेलं.

गाडीत बसताना मी मागं वळून पाहिलं. सुभेदार घामाघूम होऊन पायरीवर टेकले होते. संयोगिताबाई आतून आल्या, खांद्यावर झेलम. हातातली पेरूची पाटी त्यांनी नवऱ्यापुढं ठेवली. तिच्यावर फळीवरून उतरवलेली सुरी.

"पंचमी सरली," त्या म्हणाल्या. "आता चिरा."